जुळ्यांची गोष्ट आणि तिचा प्रवास

गेल्या कार्तिकात काशीस जाण्याचा योग आला. माझी आत्या लग्न होऊन तेथे गेली, त्यास पन्नासाहून अधिक वर्षे लोटली. तिचे घर भोसले घाटाच्या वरच्या अंगास एका अरुंद गल्लीत आहे. वाचकांपैकी जे काशीयात्रा करून आले असतील, त्यांना हा घाट आठवत असेल. मणिकर्णिकेवरून प्रवाहाबरोबर उत्तरेकडे चालू लागले, म्हणजे शिंदे घाट आणि संकठा घाट मागे पडतात आणि थोड्याच अंतरावर पायऱ्यांच्या माथ्याशी एक उंच, भक्कम दगडी भिंत उभी असलेली दिसते. खालचा भाग गडाच्या तटासारखा, वर लहान लहान खिडक्या आणि आत लक्ष्मीनारायणाचे मंदिर. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी हा घाट बांधविला. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून अजूनही एखाद्या दारातून मराठी शब्द कानांवर पडतो आणि प्रवासी क्षणभर थबकतो.

आमचे आतोबा जन्माने काशीकर. त्यांचे थोरले बंधू मात्र तरुणपणीच नोकरीनिमित्त वऱ्हाडात गेले आणि तिकडचेच झाले. दोघांच्या वयांत दीड वर्षाचे अंतर आहे. परंतु नाक, कपाळ, चालण्याची ढब, इतकेच काय पण खांद्यावर उपरणे टाकण्याची रीतसुद्धा एकच. बारा वर्षांनी हे थोरले बंधू कार्तिकस्नानासाठी भावाकडे आले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी उभे असता दूधवाल्याने त्यांना गाठले आणि गेल्या महिन्याच्या दुधाचे पैसे मागितले. पाहुण्याने दारात वाद काय घालावा, असा विचार करून त्यांनी मुकाट्याने पैसे दिले. दुपारी आतोबांनी त्याच दूधवाल्याला हाक मारून तेच पैसे पुढे केले. "सकाळीच मिळाले," असे तो म्हणाला. आपण दिलेच नाहीत, असे आतोबांचे म्हणणे. देणारा घ्या म्हणतो आणि घेणारा नको म्हणतो, असे हे विपरीत भांडण चांगले अर्धा घटका चालले. म्हाताऱ्यास विस्मरण झाले, असे समजून दूधवाला हळहळत निघून गेला. संध्याकाळी तो घरी आला, दोघे भाऊ ओसरीवर शेजारी शेजारी बसलेले पाहिले आणि डोक्याला हात लावून हसत सुटला.

"हे तर अगदी 'अंगूर'च झाले!" असे म्हणून घरातल्या मुलांनी त्या रात्री तो जुना चित्रपट लावला. चार पिढ्यांतली माणसे एका खोलीत बसून पोट धरधरून हसली. चित्रपट संपल्यावर आत्याने माझ्याकडे वळून विचारले, "हीच का रे तुझ्या त्या अंकातली गोष्ट?"

मला होय म्हणावे लागले. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या पानांसाठी शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'चे कथारूप मी मराठीत आणले होते. ते मी मोठ्या निष्ठेने केले होते. नावे होती तशी ठेवली होती, इंग्रजी श्लेषांना तळटीपा दिल्या होत्या आणि एकही वाक्य गाळले नव्हते.

"तुझी गोष्ट वाचताना मला एकदाही हसू आले नाही," आत्या म्हणाली. "आणि आज पोट दुखेस्तोवर हसले. गोष्ट एकच, तर असे का व्हावे?"

आत्याने हे रागाने विचारले नव्हते. पण ज्याची भाकरी भाषांतरावर चालते, त्याला हा प्रश्न सोडून देता येत नाही. म्हणून या महिन्याची पाने मी त्याच्याच उत्तरासाठी खर्च करणार आहे.

प्रथम ही गोष्ट कोठून कोठे आली ते पाहू. इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे रोममध्ये प्लॉटस नावाचा नाटककार होऊन गेला. ताटातूट झालेल्या जुळ्या भावांपैकी एक दुसऱ्याच्या गावी येतो आणि सारे गाव त्याला दुसराच समजते, अशी त्याची एक नाट्यरचना आहे. शेक्सपिअरने ती उचलली आणि तिला दोन जोड दिले. एक म्हणजे जुळ्या धन्यांबरोबर जुळे नोकर. त्यामुळे घोटाळा दुप्पट न होता चौपट झाला. दुसऱ्या जोडाकडे मी पुढे वळेन. हे नाटक २८ डिसेंबर १५९४ रोजी लंडनमधील 'ग्रेज इन' या वकिलांच्या संस्थेत झाल्याची नोंद आहे. १८६९ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याची बंगालीत 'भ्रांतिविलास' नावाची गद्यकथा केली. विधवाविवाहाच्या कायद्यासाठी झटलेल्या या पंडिताला हसण्याचेही वावडे नव्हते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९६३ मध्ये या कथेवरून मनू सेन यांनी बंगाली चित्रपट केला. त्यात उत्तमकुमार आणि भानू बंदोपाध्याय हे दोघेही दुहेरी भूमिकांत होते. १९६८ मध्ये बिमल रॉय यांच्या संस्थेने 'दो दूनी चार' हा हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शन देबू सेन यांचे, लेखन गुलजारांचे. किशोरकुमार आणि असित सेन यांनी जुळ्यांची कामे केली आणि नायिका होती शोभना समर्थांची कन्या तनुजा. तो चित्रपट फारसा चालला नाही. परंतु गुलजारांनी गोष्ट सोडली नाही. चौदा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी ती स्वतः दिग्दर्शित केली. तोच 'अंगूर'. संजीवकुमार झाले दोन अशोक आणि देवेन वर्मा झाले दोन बहादूर. पुण्यात वाढलेल्या देवेन वर्मांना या कामासाठी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले.

रोम, लंडन, कलकत्ता, मुंबई, असा हा प्रवास. प्रत्येक मुक्कामावर गोष्टीने वेश पालटला आणि प्रत्येक मुक्कामावर ती हसवीत राहिली. माझ्या मुक्कामावर मात्र तिने वेश पालटला नाही आणि ती हसवूही शकली नाही. आत्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

हा वेशपालट म्हणजे नेमके काय, ते समजून घेण्यास काशीइतकी योग्य जागा नाही. भोसले घाटाहून चौखंभा फार दूर नाही. तेथील आपल्या वाड्यात भारतेंदु हरिश्चंद्रांनी हिंदी गद्याचा पाया घातला. १८८० साली त्यांनी शेक्सपिअरचे 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हिंदीत आणावयास घेतले आणि त्याला 'दुर्लभ बंधु' असे नाव दिले. हे नाटक आज आपल्याला गंभीर वाटते, परंतु शेक्सपिअरच्या स्नेह्यांनी १६२३ मध्ये त्याची नाटके एकत्र छापली, तेव्हा ते सुखान्तिकांतच घातले होते. भारतेंदूंनी अँटोनिओचा अनंत केला, बसानिओचा बसंत, पोर्शियाची पुरश्री आणि शायलॉकचा शैलाक्ष. नावे कानाला मूळच्याजवळ ठेवली आणि अर्थाने मात्र इथली केली. सुताराने जुन्या चौकटीला नवे दार बेतून बसवावे, तशी ही कारागिरी आहे.

आपल्या मराठी रंगभूमीनेही हेच केले. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'चे 'त्राटिका' केले आणि शाहूनगरवासी मंडळीने ते गाजविले. विद्याधर गोखल्यांनी १९६५ मध्ये 'ट्वेल्फ्थ नाइट'वरून 'मदनाची मंजिरी' हे संगीत नाटक लिहिले. ते पाहताना आपण परक्याच्या घरी पाहुणे म्हणून बसलो आहोत, असे प्रेक्षकाला वाटावयाचे नाही.

आता 'अंगूर'कडे पाहू. मूळ नाटकातील परका भाऊ एफेसस नावाच्या गावी येतो. हे गाव जादूटोण्यासाठी कुप्रसिद्ध, असा त्या काळचा समज होता. म्हणून अनोळखी माणसे त्याला नावाने हाका मारू लागतात, अनोळखी स्त्री 'घरी जेवायला चला' म्हणते, तेव्हा ही चेटकिणींची नगरी आहे, असे त्याला वाटते. मी माझ्या भाषांतरात चेटकिणी तशाच ठेवल्या. परंतु आजच्या वाचकाला त्या चेटकिणींचे भय नाही. आणि नायकाचे भय खरे वाटले नाही, तर त्याच्या फजितीचे हसू कोठून येणार? गुलजारांनी काय केले पाहा. त्यांचा परका अशोक हा रहस्यकथांचा भक्त आहे. द्राक्षबागेच्या व्यवहारासाठी तो मोठी रोकड घेऊन परगावी आलेला आहे. कोणी ओळख दाखविली की त्याला वाटते, ही लुटारूंची टोळी! बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या उशाशी घेऊन जे वाढले, त्यांना हा माणूस कोण, हे सांगावे लागत नाही. चेटूक गेले आणि टोळी आली. शब्द एकही राहिला नाही. पण भय जसेच्या तसे राहिले, आणि त्याबरोबर हसूही राहिले.

तीच गोष्ट भांगेची. त्या घरातून सुटका व्हावी म्हणून परका अशोक भज्यांत भांग घालवितो, आणि मग घरात जो गोंधळ माजतो, त्यास शेक्सपिअरच्या नाटकात आधार नाही. परंतु काशीच्या त्या खोलीत सर्वांत मोठा हशा तेथेच पिकला. जेथे होळीच्या आणि शिवरात्रीच्या दिवशी ठंडाईत काय आहे, हे विचारून घ्यावे लागते, तेथे हे दृश्य उपरे कसे वाटेल? शेक्सपिअर आज बनारसला असता, तर त्याने हे दृश्य घातल्यावाचून सोडले नसते.

येथे चित्रपट या माध्यमाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जुळ्यांचे नाटक रंगमंचावर करावयाचे तर दोन वेगळे नट लागतात. ते एकमेकांसारखे दिसत नाहीत, हे प्रेक्षक पाहत असतो. तरी 'हे दोघे हुबेहूब सारखे' असे तो मानून घेतो. म्हणजे घोटाळा रंगमंचावरच्या माणसांचा होतो, आपला होत नाही. चित्रपटात एकच नट दोन्ही कामे करतो आणि मग आपलीही फसगत होऊ शकते. हे साधायचे कसे? जुन्या काळी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काळा पडदा धरून अर्धीच चौकट उघडी ठेवीत. डाव्या बाजूस नट एका भावाचे काम करी. नंतर फिल्म मागे गुंडाळून, डावी बाजू झाकून, उजवीकडे तोच नट दुसऱ्या भावाचे काम करी. मध्ये कॅमेरा केसभर जरी हलला तरी सांधा दिसे. म्हणून तो सांधा दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर येईल, अशी मांडणी करीत. पाठमोरा भाऊ दाखवायचा असेल तर त्याच बांध्याचा दुसरा माणूस उभा करीत. नट ज्याच्याशी बोलतो तो समोर नसतोच. हवेकडे पाहून रागवायचे आणि हवेच्या उत्तरासाठी थांबायचे, हे कौशल्य लहानसहान नाही.

दुहेरी भूमिकेची ही परंपरा आपल्याकडे मराठी माणसानेच सुरू केली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तेच तारामती झाले होते, कारण स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या. शेक्सपिअरच्या काळीही स्त्रीभूमिका मुलगेच करीत. म्हणजे 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये मुलगा मुलीचे सोंग घेई आणि ती मुलगी पुढे मुलाचे सोंग घेई! पुढे भागीदारांशी न पटल्यामुळे फाळक्यांनी आपल्या कंपनीतून अंग काढून घेतले आणि १९१९च्या सुमारास ते सहकुटुंब काशीस येऊन राहिले. चित्रपटांना विटलेल्या या माणसाने येथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले आणि त्यात नाटकधंद्याचीच हजेरी घेतली. गंगेच्या काठी हातात लेखणी घेऊन बसलेले दादासाहेब डोळ्यांपुढे आणले, म्हणजे नाटक आणि चित्रपट ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

'ट्वेल्फ्थ नाइट'वर १९५५ मध्ये सोव्हिएत रशियात एक सुंदर रंगीत चित्रपट निघाला. त्यात क्लारा लुच्को या अभिनेत्रीने बहीण व्हायोला आणि भाऊ सेबास्टियन ही दोन्ही कामे केली. चेहरा एक, पण खांदे वेगळे, पाऊल वेगळे. जुळ्या बहीणभावांना एकाच अंगातून बोलावण्याचे हे काम कॅमेऱ्यावाचून झाले नसते.

आता शेक्सपिअरच्या त्या दुसऱ्या जोडाकडे वळतो. आत्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर त्यातच आहे. प्लॉटसच्या नाटकात नुसती मौज आहे. शेक्सपिअरने नाटकाच्या आरंभीच एक म्हातारा बाप आणून उभा केला. वादळात गलबत फुटले, बायको गेली, एक मुलगा गेला. राहिलेला मुलगा भावाच्या शोधात गेला, तो परतला नाही. आणि त्यांना शोधत निघालेला हा बाप शत्रूच्या गावी पकडला जाऊन सूर्यास्ताच्या आत मृत्युदंडाची वाट पाहत आहे. त्यानंतरचा सारा हास्यकल्लोळ या फासाच्या छायेत चालतो. प्रेक्षक हसतो, पण मनात कोठे तरी जाणतो, की या घोटाळ्यातूनच ओळख पटणार आहे आणि ओळख पटली तरच म्हातारा वाचणार आहे.

शेक्सपिअरला स्वतःला जुळी मुले होती, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हॅम्नेट आणि ज्युडिथ या भावंडांचा नामकरणविधी २ फेब्रुवारी १५८५ रोजी झाला. ११ वर्षांचा हॅम्नेट ऑगस्ट १५९६ मध्ये वारला. 'ट्वेल्फ्थ नाइट' २ फेब्रुवारी १६०२ रोजी लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झाल्याची नोंद आहे. त्यात बुडून गेला असे वाटलेला जुळा भाऊ बहिणीसमोर जिवंत येऊन उभा राहतो. यावरून कोणी काही सिद्ध करू नये. परंतु ज्या घरात असे घडले आहे, त्या घरातल्या माणसाने ते दृश्य लिहिले, एवढे जाणून ते पाहावे.

'अंगूर'मध्ये फास नाही; तरी वादळ आणि ताटातूट गुलजारांनी आरंभीच ठेवली आहे. ती नसती तर उरली असती निव्वळ माकडचेष्टा. माझ्या भाषांतरात मी म्हाताऱ्याची हकीकत 'पूर्वपीठिका' म्हणून बारीक टाइपात दिली होती आणि श्लेषांना मोठ्या टाइपात जागा दिली होती. जे बदलायला हवे होते ते मी जपले आणि जे जपायला हवे होते ते आखडले. चूक होती ती ही. त्या रात्री चित्रपट संपल्यावर सगळे हसत उठले, पण आतोबांचे थोरले बंधू बसूनच होते. आईच्या अखेरच्या दुखण्यात त्यांना काशीस पोहोचता आले नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे; त्यावरून भावाभावांत काही वर्षे पत्रव्यवहारही नव्हता. ते एवढेच म्हणाले, "शेवटी ओळख पटली, हे बरे झाले."

मग वेश पालटला की काम झाले, असे समजावे काय? तसे नाही. 'टेमिंग ऑफ द श्रू'चेच पाहा. हट्टी बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देऊन वठणीवर आणणारा नवरा, हा आज हसण्याचा विषय राहिलेला नाही. चित्रपटांनी ही अडचण निरनिराळ्या रीतींनी सोडविली. १९२९ च्या बोलपटात मेरी पिकफर्ड पतिभक्तीचे लांबलचक भाषण करते आणि शेवटी बहिणीकडे पाहून हळूच डोळा मिचकावते. त्या एका मिचकावणीने साऱ्या भाषणाचा अर्थ फिरतो. १९६७ मध्ये फ्रँको झेफिरेल्लीने एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांना घेऊन तोच खेळ इटलीच्या रंगाढंगात मांडला. त्यात दोघेही एकमेकांस पुरून उरतात. तरीही हा चित्रपट घरी पाहावयाचा तर मुलामुलींशी त्यावर बोलावे. न बोलता उठू नये. 'अंगूर'च्या अखेरीस शेक्सपिअरचे चित्रच डोळा मिचकावते. ते मात्र निर्मळ आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने 'चालू द्या!' म्हणून दिलेली ती संमतीच जणू.

उलट, वेश फार जड झाला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९३५ मध्ये माक्स राइनहार्ट आणि विल्यम डीटर्ले यांनी हॉलिवूडमध्ये 'मिडसमर नाइट्स ड्रीम' काढला. मेंडेल्सोनचे संगीत, चांदण्यात न्हालेले अरण्य, धुक्यावरून चढत जाणाऱ्या पऱ्या. हॅल मोर यांच्या छायालेखनास ऑस्कर मिळाले, तेही नामांकन नसताना मतदारांनी कागदावर नाव लिहून दिले म्हणून. डोळे दिपतात, पण प्रेमिकांची चौकडी त्या झगमगाटात हरवते. मनात राहतात ते दोघे: गाढवाचे डोके लागलेला विणकर झालेला जेम्स कॅग्नी आणि खोडकर पक झालेला बालनट मिकी रूनी. कारण तेवढे दोघेच कोणत्याही गावच्या जत्रेत सापडतील असे आहेत.

वाचकहो, या सुखान्तिका घरी पाहावयाच्या असतील, तर माझी एक सूचना आहे. पहिल्या दिवशी 'अंगूर' लावावा. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तो समजतो. दुसऱ्या दिवशी मूळ नाटकाची गोष्ट मुलांना तोंडी सांगावी आणि काय बदलले, काय राहिले, ते त्यांनाच शोधावयास लावावे. चेटकिणी आणि टोळी यांची जोडी मुले आपोआप लावतात, असा माझा काशीतला अनुभव आहे. मग केनेथ ब्रॅनाचा १९९३ चा 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' पाहावा. इंग्रजी न कळणाऱ्यांसाठी घरातल्या एकाने मधून मधून गोष्ट सांगत जावी. शेवटी सचिन पिळगावकरांचा 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा चित्रपट पुन्हा एकदा काढावा. त्याची गोष्ट शेक्सपिअरची नाही, ती १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून आलेली आहे. परंतु शेक्सपिअरच्या मुली वाटेतल्या धोक्यापासून वाचण्यासाठी पुरुषवेश घेतात आणि पुण्यातले तरुण भाड्याच्या खोलीसाठी लुगडी नेसतात, या दोन सोंगांची तुलना करून पाहण्यात मोठी मौज आहे. अडचण पालटते, सोंग घेण्याची गरज माणसाला तीच राहते.

मुंबईस परतल्यावर मी ती जुनी गोष्ट पुन्हा लिहावयास घेतली आहे. नावे इथली आहेत, तळटीप एकही नाही, आणि म्हातारा बाप पहिल्या वाक्यात आहे. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर घरी मराठी बोलत आणि १९२० साली निघालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले. एका भाषेत राहून दुसरी आपली कशी करावी, याचा धडा तो गाव पूर्वीपासून देत आला आहे. मलाच तो उशिरा कळला.

मी निघालो त्या दिवशी पहाटे दोघे भाऊ स्नानास निघाले होते. भोसले घाटाच्या पायऱ्या उंच आणि दवाने निसरड्या झालेल्या. "तुम्ही थोरले, तुम्ही पुढे व्हा," असे आतोबा म्हणाले. "तू इथला, तुला पायऱ्या ठाऊक, तू पुढे हो," असे थोरले म्हणाले. शेक्सपिअरच्या नाटकाच्या अगदी शेवटी दोघा जुळ्या नोकरांत हाच वाद होतो. आधी कोणी आत जावे, हे ठरत नाही, म्हणून ते हातात हात घालून बरोबरच जातात. ही गोष्ट मी दोघांना सांगितली नाही. त्यांनी एकमेकांचा हात धरला आणि ते सावकाश खाली उतरले.

आपल्या घरी, आपल्या आळीत असा एखादा 'दूधवाल्याचा' प्रसंग घडला असेल, तर तो आम्हांस जरूर लिहून कळवावा.